सीझन : शब्द एक, अर्थ अनेक

आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याआधी तासभर मी मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. हा वर्ग वर्षभर चालतो. मी पेशाने कारकून, इंग्रजीचा पंडित नव्हे. पण येते तेवढे द्यावे, एवढीच भावना.

गेल्या वर्षी एकदा फळ्यावर ‘सीझन’ शब्द लिहिला. “ऋतू!” मुले एका सुरात म्हणाली. मी म्हटले, एवढ्यावर भागत नाही. मुंबईचा चाकरमानी लोकलचा पास काढतो, ते ‘सीझन तिकीट’. बँडवाल्याचा सीझन म्हणजे लग्नसराई. सुतार लाकूड वाळवून मुरवतो, तेही ‘सीझन’ करणेच. आणि पदार्थाला मीठमसाला लावणे, हाही त्याच शब्दाचा अर्थ. मुलांना गंमत वाटली.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, सीझन म्हणजे कारखाना. दसरा झाला की आम्ही जाणार.”

वर्ग गप्प झाला. तिच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुले कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि त्याच सुमारास ही बिऱ्हाडे निघतात. परततात तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

घरी येऊन शब्दकोश उघडला. ‘सीझन’चे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि मूळ अर्थ आहे पेरणी! आमच्या लेकरांच्या वाट्याला मात्र त्याचा अर्थ तोडणी असा आला.

आम्ही कार्यकर्ते तिच्या आईवडिलांना भेटलो. मुलगी आजीजवळ राहिली, हंगामी वसतिगृहात तिच्या जेवणाची सोय झाली. वर्गातली दोन मुले मात्र गेलीच. चूक माझी. दरवर्षी दिवाळीनंतर हजेरीपटात काही नावांपुढे गैरहजेरी मांडत होतो, कारण कधी विचारले नव्हते.

बंधूभगिनींनो, आपापल्या विहारात आषाढ पौर्णिमेलाच अशा मुलांची यादी करा. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, आजी-आजोबांशी बोला. उचल घेतली जाण्याआधी त्या घरी जा. नंतर गेलो तर उशीर होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

जयभीम!