राघूच्या मागावर

आमच्या घरी पोपटांविषयीची १९ पुस्तके आहेत आणि पोपट एकही नाही. येणारा पाहुणा आधी कपाट पाहतो, मग गॅलरीत पिंजरा शोधतो आणि शेवटी माझ्या तोंडाकडे पाहतो. मराठीच्या प्राध्यापकाने पोपटांची पुस्तके जमवावीत यात नवल ते काय, वर्षभर वर्गात तो दुसरे काय करतो, असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मारला. तेव्हापासून पाहुण्यांचे शंकासमाधान मी त्यांच्याकडेच सोपवले आहे.

वर्षातून दोनतीनदा मी सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबई गाठतो आणि बोरीबंदरहून पायीच फाउंटनकडे निघतो. तिथल्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या राशी आता पूर्वीसारख्या उरलेल्या नाहीत. ज्या आहेत त्यांत परीक्षांची गाइडे फार. पण एक विक्रेता ओळखीचा आहे. "या मास्तर, पोपट आलाय," म्हणून त्याने एकदा मोठ्या कौतुकाने एक पुस्तक पुढे केले. पोपटाला शिव्यांखेरीज बाकी सर्व कसे बोलायला शिकवावे, याचे ते पुस्तक होते. असली पुस्तके मी घेत नाही. पंख कुठवर छाटावेत याची आकृती ज्यात असते, ते तर हातातही धरवत नाही. का, ते पुढे सांगतो.

मात्र त्याच फूटपाथवर मला एडवर्ड लिअरचे पोपट मिळाले. मूळ ग्रंथ नव्हे हो, नंतरच्या काळातली छपाई! मुळाच्या प्रती अवघ्या १७५. तो घरात असता तर मला नोकरी सोडून कपाटापाशी पहारा करावा लागला असता. इंग्रजीत गमतीची उलटसुलट कवने करणारा तोच हा लिअर. १८३० साली त्याने हे काम आरंभले तेव्हा तो १८ वर्षांचा पोरगा होता. त्या काळी चित्रकार पुष्कळदा पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढत. हा मात्र लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत पोपटांसमोर बसला. ४२ चित्रे झाली आणि १८३२ मध्ये पैशांअभावी काम थांबले. ती चित्रे पाहताना मला सारखे वाटते की पोपटच आपल्याला न्याहाळत आहे, आणि आपण त्याला फारसे पसंत पडलेलो नाही.

फाउंटनवरून पुढे टाउन हॉल. एशियाटिकच्या त्या लांबलचक पायऱ्या चढायच्या त्या विकत न मिळणाऱ्या ग्रंथांसाठी. तिथल्या उंच छताखाली बसून मी शुककथांची वंशावळ मांडत असतो. नवरा परगावी गेलेला, बायकोचे पाऊल वाकडे पडू पाहते आणि घरचा पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून तिला दारातच थोपवतो, ही संस्कृतातली 'शुकसप्तती'. तिच्यावरून १३३० च्या सुमारास नख्शबीने फारसीत ५२ रात्रींचा 'तुतीनामा' रचला. अकबराने त्याची सचित्र पोथी करवून घेतली. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदरीने उर्दूत 'तोता कहानी' लिहिली ती कंपनीच्या गोऱ्या साहेबांना भाषा शिकवण्यासाठी. साहेबांनी पोपटाकडून धडे घेतले! आणि आपली जुनी मराठी 'शुकबहात्तरी'? ती श्मिट नावाच्या जर्मन पंडिताने १८९७ साली लाइप्झिगला छापली. आपल्या राव्याला असा परदेशप्रवास घडला.

परंतु हे सारे पोपट माणसांच्याच भानगडी सांगतात. स्वतःची कथा सांगणारा पोपट मला एकच भेटला, बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला.

आता ते 'का' सांगायला हवे. वाईला माझ्या आजोळी सोप्यात एक राघू होता. आजी त्याला पेरूची फोड देई आणि 'विठ्ठल विठ्ठल' म्हणवून घेई. मी नऊ वर्षांचा असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी सगळे झोपलेले पाहून त्याला माडीवर नेले आणि पिंजऱ्याचे दार उघडले. मामाने त्याचे पंख छाटले आहेत हे मला ठाऊक होते. पण ते केस कापल्यासारखेच असेल, अशी माझी समजूत. तो माझ्या मनगटावर आला, तिथून कठड्यावर गेला. त्याने झेप घेतली. खाली काळ्या दगडाची फरसबंदी होती. आजीने कोणाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिंजरा घासला आणि माळ्यावर ठेवून दिला.

पुढे बी.ए.ला संस्कृतच्या तासाला तो उतारा आला. म्हातारा शबर शाल्मलीच्या झाडावर चढतो, एकेका पोपटाची मान मुरगळून खाली टाकतो. बाप पिलाला पंखाखाली घेतो आणि मरतो. पंख न फुटलेले पिलू त्याच्याबरोबर खाली येते, ते वाळक्या पानांच्या राशीवर, म्हणून वाचते. बाणभट्टाने पाने अंथरून ठेवली होती. मला वर्गातून उठून जावे लागले.

त्या पिलाने सांगितलेल्या गोष्टीचे नाव आपण मराठीत साऱ्या कादंबऱ्यांना दिले आणि अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीला म्हणतो पोपटपंची! हे दोन्ही शब्द एकाच भाषेत कसे नांदतात, हा प्रश्न मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घालतो. उत्तर अजून आलेले नाही.

गेल्या खेपेस टाउन हॉल उतरून शहीद भगतसिंग मार्गाने तसाच दक्षिणेला चालत गेलो. लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस आहे, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे. तिथे सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक घेतले. १९४१ सालापासून त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत आल्या आहेत. माझी जुनी प्रत खिळखिळी झाली होती. शिवाय ही मुलीसाठी हवी होती. देशी पोपट पाळणे आता गुन्हा आहे, हे तिला शाळेत सांगितले आहे. वाईचे मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे लकडी पुलावर उभे होतो. पुस्तक तिच्या हातात. "बाबा, गळ्यात कंठी म्हणजे नर ना?" मी हो म्हणालो. एवढ्यात नदीवरून कलकलाट करीत थवा आला. तिने पुस्तक माझ्याकडे दिले आणि बोटाने मोजू लागली. २३ पर्यंत आली आणि चुकली. ते काही तिच्यासाठी थांबत नव्हते.