शहात्तरावा शब्द

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीनंतर वर्ग भरू लागलेत, पण निम्मे पोट्टे अजून गावाकडेच. बारावीचा इंग्रजीचा पेपर ११ फेब्रुवारीला. आज फ्रेज आणि क्लॉज काढले. व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ: कर्ता आणि क्रियापद असेल तो क्लॉज, नसेल ती फ्रेज. फळ्यावर वाक्य लिहिलं की मात्र ही व्याख्या निकामी. मुलांना ‘गोइंग’, ‘ईटन’, ‘टु गो’ ही सगळीच क्रियापदं वाटतात, त्यामुळे जिथे तिथे क्लॉज दिसतो.

व्याख्या रेन आणि मार्टिनच्या जाडजूड पुस्तकातून आली आहे. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्त’ ही धाडसी कादंबरी लिहून (१९२४) गाजले. दोन्ही पुस्तकं एकाच माणसाची, हे मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. व्याख्या चुकीची नाही, पण क्रियापद कशाला म्हणायचं हे मुलाला आधीच कळतं असं ती धरून चालते. गाडी अडते ती नेमकी तिथे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज कर्ता-क्रियापद बाजूला ठेवलं आणि काळाला धरलं. फळ्यावर चक्क मराठी वाक्य लिहिलं: ‘मी काल तर्री पोहे खाऊन कॉलेजात आलो.’ मग ‘काल’ पुसून ‘उद्या’ लिहिलं आणि विचारलं, आणखी काय बदलावं लागेल? सगळे ओरडले, ‘येईन!’ आणि ‘खाऊन’? ते तसंच राहिलं. आता दुसरं वाक्य: ‘मी काल पोहे खाल्ले आणि कॉलेजात आलो.’ इथे ‘उद्या’ आणताच ‘खाईन’ही हवं आणि ‘येईन’ही. काल-उद्या केल्यावर जे हलतं ते क्रियापद, आणि असं हलणारं क्रियापद ज्याच्या पोटात आहे तो क्लॉज. ‘खाऊन’ ढिम्म हलत नाही, म्हणून ‘पोहे खाऊन’ ही फ्रेज.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मग आपण जे म्हणतो, मी जाऊन राहिलो, ते काय हाय? दोन क्रियापदं झाली ना?’ प्रश्न फक्कड होता. आमच्या नागपूरकडे ‘जातो आहे’ कोणी म्हणत नाही; ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिला’ असंच चालतं. त्यालाच म्हटलं, लाव चाचणी. थोडा थांबला, मग म्हणाला, ‘उद्या या वेळेला मी जाऊन राहीन... जाऊन तसंच, राहिलोचं राहीन झालं.’ म्हणजे काळ उचलणारं एकच, क्लॉजही एकच. ‘इज गोइंग’मध्ये काळ ‘इज’ उचलतो आणि ‘गोइंग’ नुसतं सोबत असतं, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही.

स्टाफरूममध्ये मराठीच्या मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या. ‘अहो, आमच्याकडे हे जुनंच आहे. काळ, पुरुष दाखवतं ते आख्यात, बाकी धातुसाधितं. मोरो केशव दामल्यांचं व्याकरण उघडा, १९११चं आहे.’ तेच मूल त्यांच्या तासाला धातुसाधित बरोबर ओळखतं आणि घंटा वाजून माझ्या तासाला बसलं की ‘ईटन’ला क्रियापद म्हणतं. दोन विषयांच्या मधली भिंत आपणच बांधली आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची ड्यूटी. काल दुपारपासून साहित्य, यंत्रं, शिक्के. आज सातच्या आधी अभिरूप मतदान. घरी आले तेव्हा रात्रीचे साडेअकरा. पाय सुजलेत, तरी एवढं लिहून ठेवते.

सहा वाजता दार लावून घेतलं आणि रांगेच्या शेपटीकडून चिठ्ठ्या वाटत पुढे आलो. नियमच तसा आहे: शेवटच्याला पहिली चिठ्ठी, म्हणजे त्याच्या मागे कोणी घुसत नाही. तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत फाटकाशी आले. ‘मॅडम, रांगेत उभे असलेल्यांना मत देता येते म्हणता ना? हा पाहा, मी उभा आहे.’ माणूस भांडकुदळ नव्हता, आणि ‘रांगेत उभे असलेले’ एवढ्याच शब्दांवर बोट ठेवलं तर चूकही म्हणता येत नव्हता. त्या शब्दांत वेळच नाही; कधी उभे असलेले? नियमाला वेळ धरायची आहे, म्हणून तो जो-ते लावून बोलतो: सहा वाजता जे रांगेत असतील ते. ‘असतील’मध्ये घड्याळ आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही अर्थात. केंद्राध्यक्षांनी हात जोडले, ते परत गेले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सुट्टी काढून झोपले. आज वर्गाला म्हटलं, पाठ्यपुस्तक उघडा, पण धडा नको, सुरुवातीची पानं काढा. संविधानाची उद्देशिका बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात छापलेली असते. पहिलीपासून समोर आहे, त्यामुळे कोणी वाचत नाही. काम दिलं: यातले क्लॉज शोधा.

दहा मिनिटं शांतता. मग एकजण वैतागला, ‘मॅडम, हे वाक्य संपूनच नाही राहिलं!’

खरंच संपत नाही. इंग्रजी उद्देशिका ८५ शब्दांची आहे आणि तिच्यात पूर्णविराम एकच. पोरांनी सोळा-सतरा क्लॉज काढून ठेवले होते. चाचणी लावायला बसवलं. ‘हॅविंग रिझॉल्व्ह्ड’: हलत नाही. ‘टु कॉन्स्टिट्यूट’, ‘टु सिक्युअर’, ‘टु प्रमोट’: तिन्ही हलत नाहीत. बंधुतेपुढचं ‘अशुअरिंग’ तेही नाही. न्याय, स्वातंत्र्य, समता ही सरळ नामं, प्रत्येकाच्या मागे आपापली शेपटी. संविधानसभेत, या तारखेला: स्थळ आणि काळाच्या फ्रेजा. एकेक खोडत गेलो आणि शेवटच्या ओळीत ‘डू’ सापडलं. पंचाहत्तर शब्द मागे टाकून आलेला शहात्तरावा. काळ उचलणारं सबंध उद्देशिकेत हे एकच. अंगीकारणं, अधिनियमित करणं, अर्पण करणं ही तिन्ही त्याच ‘डू’च्या खांद्यावर. कर्ता पहिल्या शब्दाला, त्याचं क्रियापद शहात्तराव्या शब्दाला, आणि एवढ्या मोठ्या वाक्यात गौण क्लॉज एकही नाही. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर सिंपल सेंटेन्स. आपलं केवल वाक्य.

वर्ग काही क्षण गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, ‘मराठीतही असंच आहे मॅडम, निर्धार करून... आणि शेवटी अर्पण करत आहोत.’ क्रियापद शेवटी येणार, तोवर धीर धरायचा, याची आपल्या कानाला लहानपणापासून सवय आहे. इंग्रज मुलाला हे वाक्य जड जाईल, आमच्या गिट्टीखदानच्या मुलाला जाऊ नये.

एका पोराला मोठ्याने वाचायला लावलं. ‘नेशन’ला येऊन त्याने आवाज खाली सोडला आणि बसायला लागला. मला वाटतं निम्मा देश तिथेच बसतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकालाच्या गोंगाटात काही वाचणं शक्य नव्हतं. आज संविधानसभेची भाषणं काढून बसले.

नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ला मांडलेला आणि २२ जानेवारी १९४७ला संमत झालेला उद्दिष्टांचा ठराव उद्देशिकेचा पूर्वज समजला जातो. आशय बराचसा तोच, पण बांधणी अगदी उलटी. तिथे बहुतेक परिच्छेदांना ‘वेअरइन’, आणि त्यानंतर बहुधा कर्ता आणि ‘शॅल’. ज्या संविधानात अमुक असेल, ज्यात तमुक हमी दिली जाईल: क्लॉजवर क्लॉज. साहजिक आहे, तेव्हा सगळंच व्हायचं होतं. तीन वर्षांनी तोच न्याय, तीच समता यांच्या मागचं ‘शॅल’ गळून पडलं, भविष्यकाळ गेला आणि अख्ख्या मजकुरात वर्तमानकाळ एकाच जागी उरला, २६ नोव्हेंबरच्या तारखेला अगदी चिकटून. मसुदाकारांनी व्याकरणाचा विचार करून हे केलं असं मी म्हणणार नाही. पण सहज झालेलंही वाटत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या, गुंतागुंतीचं साध्या, स्पष्ट भाषेत मांडण्याच्या हातोटीचं मुद्दाम कौतुक केलं आहे.

आणखी एक गंमत सापडली. १७ ऑक्टोबर १९४९ला उद्देशिकेवर चर्चा झाली, त्यात ह. वि. कामथ यांनी सुरुवातीला ‘ईश्वराच्या नावाने’ घालावं अशी दुरुस्ती मांडली. कामथ मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य, म्हणजे राजधानी आपलं नागपूर. मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. एका फ्रेजसाठी सभागृहाने हात मोजले. ती घातली असती तरी कर्ता, क्रियापद काहीच हललं नसतं. भांडण वाक्याच्या सांगाड्याचं नव्हतंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका आज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. स्टाफरूममध्ये दोन तट पडले, चहा निवला. मी वर्गात फक्त व्याकरणापुरती बातमी नेली: मूळ वाक्य ८१ शब्दांचं, ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) ही दोन विशेषणं, ‘इंटेग्रिटी’ आणि तिला जोडणारा ‘अँड’ घातला. ‘डू’ ७४वा होता, तो ७६वा झाला. एकाने विचारलं, ‘शब्द चार वाढले, मग डू दोननंच काऊन सरकला?’ मीच घाईत गणित केलं असं वाटून पुन्हा मोजायला लावलं. मोजून झाल्यावर कळलं की पोरगं बरोबर विचारत होतं: चारही शब्द ‘डू’च्या आधीच येतात. म्हणजे तेव्हा ‘डू’ ७२वा. फळ्यावरचा आकडा त्यालाच दुरुस्त करू दिला.

संध्याकाळी नेटची तयारी करणाऱ्या भाचीचा फोन. म्हणाली, ‘मावशी, हॅविंग रिझॉल्व्ह्डला फ्रेज कशी म्हणतेस? क्वर्क आणि मंडळींच्या १९८५च्या व्याकरणात तो नॉनफायनाइट क्लॉज आहे.’ बरोबर बोलते आहे. त्यांच्या हिशेबात क्रियापदाचं कुठलंही रूप असलं की क्लॉज. काळ असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार. विद्यापीठात तेच शिकवावं. बोर्डाच्या पेपरात मात्र तसं लिहिलं तर मार्क जातील. तिला म्हटलं, नाव काही ठेव, रेघ आपण दोघीही त्याच जागी मारतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कॉलेजात उद्देशिकेचं सामूहिक वाचन. आमच्या वर्गाने ‘नेशन’ला आवाज उचलून धरला, बाकीचे वर्ग खाली पडले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चाचणीचे पेपर तपासते आहे. ‘जरी-तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो’च्या पुढे ‘बट’ अजून येतोच आहे. तो पुढच्या आठवड्यात. फ्रेज-क्लॉज बहुतेकांना जमलं. शेवटचा प्रश्न होता: उद्देशिका कोणत्या प्रकारचं वाक्य, कारणासह लिहा. एका पठ्ठ्याचं उत्तर: इट इज अ कॉम्प्लेक्स सेंटेन्स बिकॉज इट इज व्हेरी कॉम्प्लेक्स.

उत्तर चूक. पण त्याने लिहिलेलं वाक्य मात्र नमुनेदार कॉम्प्लेक्स आहे: मुख्य क्लॉज एक, ‘बिकॉज’चा गौण क्लॉज एक, काळ दोन्हीकडे. अर्धा मार्क दिला.