अपिलाचा ठराव

दाव्याचा निकाल देवस्थानच्या विरोधात गेला. भक्तनिवास बांधणाऱ्या ठेकेदाराचे 38 लाख आणि वर नऊ टक्के व्याज. विश्वस्तांच्या बैठकीत मी आवाज चढवून म्हणालो, "देवाचा पैसा असा सोडायचा नाही, अपील करायचंच." देवाचं नाव घेतल्यावर विरोध करणार कोण? खजिनदारांनी तेवढं विचारलं, "अण्णा, निकालपत्र वाचलंत का?" मी वकिलांनी फोनवर सांगितलं तेवढंच ऐकलं होतं.

वाचलं असतं तर माझीच सही भेटली असती. वाढीव कामाच्या मोजमापाखाली "काम पाहिले, बरोबर आहे" असं मीच लिहून दिलं होतं. पुढे स्लॅब गळायला लागला म्हणून चिडून बिल अडवलं. पण लेखी नोटीस पाठवली नाही, पंचनामा केला नाही. उलटतपासणीत तो कागद समोर आला तेव्हा "आठवत नाही" म्हणून मोकळा झालो. ज्याच्यामुळे दावा गेला, त्यानेच अपिलाचा ठराव मांडला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अपील केलं की वसुली थांबते, अशीही माझी समजूत होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 41 उलटं सांगतो: नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. पैशाच्या दाव्यात कोर्ट रक्कम भरायला किंवा तारण द्यायला लावतं. आम्हाला निम्मी रक्कम भरावी लागली. त्यासाठी अन्नछत्राची मुदतठेव मोडली. उरलेल्या रकमेसाठी देवळामागची जागा विकू म्हटलं, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. ती काय लगेच मिळते? इकडे व्याज चढतच होतं.

कुणी कुरकुर केली की मी पंढरपूरचा दाखला द्यायचो. 1973च्या मंदिर कायद्याविरुद्ध तिथले पुजारी बडवे-उत्पात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. 2014 साली ते तिथे हरले, हे मात्र सांगायचो नाही. शिवाय त्यांचा वाद पिढीजात हक्कांचा होता, आमचा सिमेंट-सळईच्या बिलाचा.

अपील करूच नये, असं मी आजही म्हणणार नाही. वाढीव कामाचा दर कोर्टाने जास्त धरला, असं वकिलांचं मत होतं आणि ते मला पटतं. कबूल असलेली रक्कम चुकती करून तेवढ्या मुद्द्यापुरतं अपील करता आलं असतं. बैठकीत ते कुणी सुचवलं नाही, कारण मी दुसऱ्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. ठेकेदाराने थोडं व्याज सोडलं. बाहेर टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "निकाल लागला त्या आठवड्यात आला असता अण्णा, तर सगळंच व्याज सोडलं असतं. तुमच्या अपिलाची नोटीस आली, मग मीही हट्टाला पेटलो." चहाचे पैसे त्यानेच दिले.