अम्मीचा वजू आणि न्हाणीघराचं दार

दोन वर्षांपूर्वी, रमजानला महिनाभर असताना, अम्मी न्हाणीघरात पडली. फजरची वेळ होती. वजू करताना तिने उजवा पाय बेसिनपर्यंत उचलला आणि डावा घसरला. आवाज ऐकून आम्ही धावलो, पण दार उघडेना. आमच्या न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडायचं आणि अम्मी नेमकी दाराला लागून पडली होती. जोरात ढकलावं तर तिलाच लागणार. शेवटी शेजारच्या मुलाने करवत आणून दाराचा वरचा भाग कापला आणि तो आत उतरला. ती वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर उठवायला-बसवायला चोवीस तास माणूस हवं होतं. आम्ही दोघंही नोकरीवर, भाऊ कुवेतला, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिन्यांसाठी तिला एका वृद्धाश्रमात ठेवलं. नातेवाइकांचे फोन आले, ‘‘आईला वृद्धाश्रमात टाकलीस?’’ आई-वडिलांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नये, ही ताकीद लहानपणापासून ऐकलेली. त्या फोनांपेक्षा माझं मनच मला जास्त टोचत होतं.

जागा स्वच्छ होती आणि तिथल्या मुली मायाळू होत्या, हे आधी सांगायला हवं. अम्मीची कसलीच तक्रार नव्हती. पण एका रविवारी तिची उशी सारखी करताना खाली रुमालात बांधलेला मातीच्या विटेचा तुकडा सापडला. ती तयम्मुम करून नमाज पढत होती.

‘‘अम्मी, इथे पाणी तर चोवीस तास आहे ना?’’

‘‘पाणी आहे गं. पण मला एकटीला तिथवर जाता येत नाही. रात्रपाळीची पोरगी दमून जरा डोळा लावते. पहाटे चारला घंटी वाजवून तिला उठवायचं, माझे पाय धुवायला?’’

आजारपणात सवलत आहे, हे मलाही माहीत होतं. पण अम्मीची अडचण आजार नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा ती इमारत नीट पाहिली. न्हाणीघराच्या दाराशी दोन इंचांचा उंबरा होता, त्यावरून वॉकर जात नव्हता. बेसिन उभ्या माणसाच्या मापाचं. फरशी गुळगुळीत आणि नेहमी ओली. भिंत पांढरी, फरशी पांढरी, कमोडही पांढरा; म्हाताऱ्या डोळ्यांना एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळतच नाही. लांबलचक व्हरांड्यात सगळी दारं एकाच रंगाची. शेजारच्या खोलीतल्या आजी आपली खोली समजून अम्मीच्या पलंगावर येऊन बसत आणि मग ओशाळून रडत. लोक म्हणत, त्यांना विस्मरण झालंय. ते खरंच होतं. पण दारावर एखादी ओळखीची खूण असती, तर रोजचं ते रडणं तरी टळलं असतं.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. नेदरलँड्समधल्या वेस्प गावात ‘होगवेक’ नावाची वस्ती आहे. २००९ मध्ये सुरू झालेली ही वस्ती स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी बांधली आहे. तिथे लांब व्हरांडे आणि वॉर्ड नाहीत. सहा-सात जणांचं एक घर, अशी बरीच घरं आहेत. घरातच स्वयंपाक होतो. बाहेर गल्ल्या, चौक, दुकान आणि कॅफे आहे. बाहेरचं फाटक सांभाळलेलं असल्यामुळे आत माणूस मोकळा फिरू शकतो. घराची मांडणीही त्याच्या आधीच्या जगण्याशी मिळतीजुळती. १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

हे वाचताना कोकणातल्या घराची पडवी आठवली. दादी दिवसभर तिथे बसायची. मासळीवाली, मदरशातून येणारी मुलं, मशिदीकडे जाणारी माणसं, सगळी तिच्यासमोरून जायची. पण खोटं कशाला बोलू? त्याच घरात वीतभर उंच उंबरे होते, मोरी शेवाळलेली आणि संडास परसात. दादीही शेवटी तिथेच पडली होती. जुनं सगळं चांगलं नव्हतं आणि नवं सगळं वाईट नाही. घर बांधताना म्हातारं माणूस डोळ्यांसमोर होतं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांशी बोलले. ते म्हणाले, ‘‘ताई, आजवर हे कुणी सांगितलंच नाही.’’ त्यांनी तळमजल्यावरचं एक न्हाणीघर बदललं. उंबरा काढून उतार केला. खरबरीत फरशी बसवली. भिंतीला अठरा इंच उंचीची पक्की बैठक केली. मशिदीतले वजूचे ओटे बुटके असतात, त्यावरून गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. समोर हाताच्या अंतरावर नळ आणि पायांसाठी लांब नळीचा हातफवारा, म्हणजे वाकायला नको की पाय उचलायला नको. दोन्ही बाजूंना गडद रंगाचे दांडे. सगळा खर्च एका बऱ्या मोबाइलच्या किमतीएवढा झाला. आता त्या शेजारच्या आजी संध्याकाळी देवासमोर दिवा लावण्याआधी तिथेच बसून हातपाय धुतात.

अम्मीला घरी आणण्याआधी आम्ही आमच्या न्हाणीघरातही हेच केलं. दार आता बाहेर उघडतं. पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवा असतो. पलंगही फिरवला. आधी झोपताना तिचे पाय किब्ल्याकडे होत होते. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पाय दुमडून झोपायची.

वाचक बहिणी-भावांना एवढंच सांगेन, घरात वडीलधारं माणूस असेल, तर आजच न्हाणीघराचं दार कुठे उघडतं ते बघा. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आलीच, तर जेवणाआधी तिथला नळ बघा. आणि ‘‘काही हवंय का?’’ असं विचारून थांबू नका. आमच्या आया ‘‘काही नको’’ असंच म्हणतात.

आजही फजरला मला जाग येते. वॉकरची टकटक, मग नळाचा आवाज. उठून मदतीला जावंसं वाटतं, छातीत धडधडतं. पण मी पडून राहते. थोड्या वेळाने मुसल्ला झटकल्याचा आवाज येतो, तेव्हा कुठे मी उठते.