गुण्या

आठवीला टेक्निकल घेतलं तेव्हा वर्कशॉपच्या सरांनी पहिलं काम दिलं ते लोखंडाचा तुकडा कानसून काटकोनात आणायचं. कानस मारायची, तुकड्याला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की सर म्हणायचे, "अजून घास." पुढं चिंचवडमधल्याच टूलरूममध्ये आयुष्य गेलं, पण गुण्या हातात घेतला की मला ते सर आठवतात.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका वर्गमित्राच्या कोटावर गुण्या आणि कर्कटकाची बारीक पिन दिसली. विचारलं, तर म्हणाला, "मी फ्रीमेसन आहे." म्हणजे गवंड्यांच्या हत्यारांची खूण मिरवणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद.

"इतकी वर्षं भेटतोय, कधी बोलला नाहीस!"

"आपण होऊन कुणाला ये म्हणायचं नसतं. आता तू विचारलंस, म्हणून सांगतो."

मलाही जावंसं वाटलं, म्हणून घरी सांगितलं. आई दर चतुर्थीला मोरया गोसावींच्या समाधीला जाणारी. फ्रीमेसनांच्या इमारतींना जुने लोक जादूघर म्हणायचे, तेच तिच्या कानावर होतं. तिनं एवढंच विचारलं, "देव मानतात ना?" मानतात. न मानणाऱ्याला तिथं घेतच नाहीत. तो देव कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही. धर्म आणि राजकारण यांवर सभेत वाद घालायला बंदी आहे.

हे दार आपल्यासाठी सहज उघडलेलं नाही. मुंबईत जेम्स बर्न्स या डॉक्टरनं 1843 मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज, म्हणजे शाखा, भारतीयांसाठी काढली, आणि पारशी मंडळी आत आली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू माणसाला प्रवेश मिळायला 1872 उजाडलं. त्यांच्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये 1884 साली नरेंद्रनाथ दत्त दाखल झाले, तेच पुढचे स्वामी विवेकानंद. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची मध्यवर्ती संस्था, तर 1961 मधली.

मी अर्ज केला. त्यावर मतदान झालं, तेही गुप्त, पांढऱ्या-काळ्या गोळ्यांचं. मग एका संध्याकाळी लोकलनं पुण्याला गेलो. आतल्या खुणा आणि परवलीचे शब्द सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. पण एक प्रसंग छापील पुस्तकांतही आहे, तो सांगतो.

आत नेण्याआधी घड्याळ, अंगठी, किल्ल्या, पाकीट, सगळं काढून घेतलं. डोळ्यांवर पट्टी. शपथ गीतेवर घेतली. शेजारी कुराण होतं, बायबल होतं. पट्टी सुटली तेव्हा समोर काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी आणि ओळखीची हत्यारं: प्रमुखाच्या गळ्यात गुण्या, त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या गळ्यांत पाणसळ आणि ओळंबा. गवंड्याचीच सगळी. थोड्या वेळानं मला एका कोपऱ्यात उभं करून गरजूंसाठी काही द्यायला सांगितलं. हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"असतं तर दिलं असतं का?"

"हो," म्हणालो, आणि घसा दाटून आला.

आमची कंपनी बंद पडली त्या वर्षी मी खरोखरच असा उभा होतो. मुलीची फी भरायची होती. ती वर्गमित्रांपैकी कुणीतरी भरली. कुणी, ते आजवर कळलेलं नाही. त्या कोपऱ्यात सांगितलं ते एवढंच, की उद्या कुणी रिकाम्या हातानं पुढं आला तर ही वेळ आठव. मला वेगळं आठवावं लागलं नाही.

इंग्लंडमध्ये एकेका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र लॉज आहेत. आमची तशी नाही. पण अर्जावर सुचवणारा आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात, आणि माझ्या अर्जावर दोन्ही आमच्याच शाळेतल्यांच्या आहेत. दुसरी सही करणारा आमच्या तीन वर्षं पुढं होता. त्याच सरांकडे त्यानंही तुकडा घासला होता.

एक गोष्ट मला पटत नाही. आमच्या लॉजमध्ये स्त्रियांना सभासद होता येत नाही. शाळेच्या वर्कशॉपात मुली आल्या, कारखान्यात आल्या, मग इथं का नाही? हे मी आतही बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

तुमच्या ओळखीत कुणाच्या कोटावर ती पिन दिसली, तर विचारा. आपण होऊन तुम्हांला कुणी बोलावणार नाही.