स्लायडर कोणाच्या हाती

थीसिससाठी ‘कॉर्पोरेट सत्ता’ हा विषय घेतला की आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या स्क्रीनवर पहिल्यांदा एक उंच टॉवर उभा राहतो. काळी काच, ढगांत गेलेलं टोक, खाली मुंगीएवढी माणसं. रेंडर देखणा असतो, जुरीही क्षणभर गप्प होते. मला मात्र त्या चित्रातून फारसं काही हाती लागत नाही. टॉवर दिसू लागेपर्यंत सत्तेचं काम उरकलेलं असतं. ते प्लॉटची हद्द आखताना आणि क्षेत्रफळाचं गणित मांडताना होतं. ते गणित उघडून दाखवायची सोय डिजिटल डिझाइनमध्ये आहे, म्हणून मला हे माध्यम जवळचं वाटतं.

पाचव्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लोअर परळमधल्या गिरणीची जमीन साइट म्हणून घेतली. तिला म्हटलं, “टॉवर बाजूला ठेव. आधी नियम काढून दाखव.”

“नियम कसा काढायचा, मॅडम?”

ग्रासहॉपरमध्ये तो काढता येतो. राइनो या त्रिमितीय सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या या साधनात भिंती थेट आखत नाहीत. आकडे आणि क्रिया यांचे छोटे डबे मांडतात, ते तारांनी जोडतात, आणि आकडा सरकवायला स्लायडर ठेवतात. स्लायडर हलला की इमारत बदलते. तिने पहिल्या डब्यात इमारतीची उंची न टाकता गिरणीची जमीन टाकली.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत. जमिनी राहिल्या, सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यावर. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने त्यांची वाटणी ठरवली: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 साली नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नव्हती, बांधकाम नसलेल्या जमिनीचीच होती. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल अडवला, 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला.

कागदावर हा बदल किरकोळ भासतो. गिरणी आतून कशी असते हे ठाऊक असेल तरच त्याचा आवाका कळतो. साचाखात्यात कापड नीट दिसायला एकसारखा उजेड हवा, थेट ऊन नको. म्हणून छपराला करवतीसारखे दाते, दात्यांच्या उभ्या बाजूला उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा. असा उजेड फक्त एकमजली शेडला मिळतो. त्यामुळे गिरणी जमिनीवर आडवी पसरते, आणि आवारातली बरीचशी जमीन छपराखाली जाते. ज्या शेडमुळे कामगाराला उजेड मिळाला, तिच्यामुळेच पुढे त्याच्या वस्तीच्या वाट्याची जमीन घटली.

तिने एक काल्पनिक उदाहरण चालवलं. साठ हजार चौरस मीटर जमीन, त्यातली पंचेचाळीस हजार छपराखाली. 1991चा नियम लावला की मोकळ्या जागेसाठी वीस हजार. मग ‘एकूण जमीन’ या डब्यातून निघालेली तार तिने उपटली आणि ‘मोकळी जमीन’मध्ये खोचली. बाकी एकाही आकड्याला हात लावला नाही. स्क्रीनवरचा हिरवा चौकोन पाच हजारांवर आकसला आणि मालकाच्या बाजूचे ठोकळे फुगले. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. थीसिसमधली ही सर्वांत महत्त्वाची शीट, असं मी तिथेच ठरवलं. तिच्यात एकही देखणी इमारत नाही.

पुढचा टप्पा नजरेचा होता. एखाद्या बिंदूवरून जेवढं दिसतं तेवढ्या जागेचा नकाशा म्हणजे आयसोव्हिस्ट. मायकल बेनेडिक्ट यांनी 1979 साली वास्तुरचनेसाठी त्याची नीट मांडणी केली. त्याचं गणित सरळ आहे: मला तू दिसतोस, तर तुला मी दिसते. तिने एक बिंदू सेनापती बापट मार्गावरच्या बसस्टॉपवर ठेवला, दुसरा आवाराच्या सिक्युरिटी केबिनमध्ये. गणित कोलमडलं. केबिनमधल्या माणसासमोर कॅमेऱ्यांचे पडदे, त्यांत फुटपाथ टोकापासून टोकापर्यंत. बसस्टॉपवरच्या बाईला समोरच्या काचेत फक्त बस आणि आभाळ. म्हणून तिने दोन वेगळे नकाशे काढले, एक डोळ्यांचा, एक कॅमेऱ्यांचा, आणि ते एकावर एक ठेवले. दोन्ही जिथे जुळत नाहीत तो पट्टा तिने काळा भरला. फाटकातला आडवा दांडा, पाहुण्यांची नोंदवही, डिलिव्हरीवाल्या पोरांसाठीचं मागचं दार, सगळं त्या काळ्या पट्ट्यात येतं.

आमची साधनंही या विषयाबाहेर राहत नाहीत. रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये काचेची पडदाभिंत तयार मिळते. चाळीच्या गॅलरीचा लाकडी कठडा मात्र मुलांना स्वतः घडवावा लागतो. डेडलाइनच्या रात्री कोणती भिंत निवडली जाते हे सांगायला नको. शिवाय रेव्हिट विकत मिळेनासं होऊन वर्गणीवर गेलं आहे. 2020 साली ब्रिटनमधल्या काही नामांकित फर्म्सनी रेव्हिटच्या वाढत्या खर्चाबद्दल ते बनवणाऱ्या ऑटोडेस्कला खुलं पत्र लिहिलं. मोठ्यांची ही गत, तर दोन माणसांच्या ऑफिसचं काय होत असेल!

डिझाइन करताना तिने टॉवरच्या पायाशी कंपनीच्या मालकीचा, पण सर्वांना खुला असा चौक सुचवला. तिथे आमचा वाद झाला. न्यूयॉर्कमध्ये 1958 साली मीस व्हॅन डेर रोहची सीग्राम बिल्डिंग रस्त्यापासून मागे सरून उभी राहिली आणि पुढे सुंदर चौक मिळाला. 1961च्या नियमांनी असा चौक देणाऱ्या मालकाला जादा बांधकाम बहाल केलं. अशाच तडजोडीतून आलेल्या झुकोटी पार्कमध्ये 2011 साली ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनाची माणसं बसली, तेव्हा त्या जागेचा मालक एक कंपनी आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना तिथून हटवलं. खाजगी मालकीच्या चौकात बसता येतं. किती वेळ आणि कशासाठी, हे मालक ठरवतो. गिरणगावाला असा चौक मी कधीही मागणार नाही.

दोन दिवसांनी ती नवी फाइल घेऊन आली. क्रम उलटा केला होता. एकूण जमिनीचा तिसरा हिस्सा सर्वांत आधी, रस्त्याला लागून, महापालिकेच्या नावाने. त्याच्यावरचा स्लायडर काढून टाकलेला. त्याच्या मागे म्हाडाची घरं. टॉवरला उरलेल्या जागेत हवं तेवढं हलायची मुभा. जुरीतल्या एकाने विचारलं, “यात तुमचं डिझाइन कुठलं?” तिने तो गोठवलेला आकडा दाखवला. त्यांचं समाधान झालं नाही, माझं पूर्ण झालं. दुपारनंतर टॉवरची सावली महापालिकेच्या मोकळ्या जागेवर येते हे मात्र त्यांनी बरोबर पकडलं. आता ती सूर्याचा मार्ग फाइलमध्ये घालते आहे, आणि त्यासाठी टॉवरचे मजले कमी करावे लागले तर करायला तयार आहे.