लाल 'एल'चे तीस दिवस

ऑफिसात कोणी गाडी बुक केली की प्रश्न ठरलेला: "लायसन्स लवकर कसं मिळेल रे?" माझं उत्तरही ठरलेलं. लवकर कशाला?

शिकाऊ लायसन्स आता सोपं झालंय. महाराष्ट्रात 2021 पासून आधार असेल तर घरबसल्या ऑनलाईन परीक्षा देऊन मिळतं, सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट मात्र तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. बरेच जण हे दिवस नुसते मोजतात. अहो, ते गाडी चालवायलाच दिलेत! फक्त पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला, गाडी थांबवू शकेल असा माणूस.

माझ्या शेजारी बाबा बसायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणजे पुढचा ड्रायव्हर मीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही ब्रेक असतो. बाबांच्या हाताशी फक्त हँडब्रेक. कात्रजच्या चढावर ते एवढंच म्हणायचे, "क्लच हळू सोड, मागे रिक्षा आहे."

भोसरीच्या ट्रॅकवर टेस्ट झाली. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबून निघणं. तिथे ना रिक्षा, ना मधेच आडवं येणारं कुत्रं. पास झालो. ऑपरेशननंतर बाबांना घरी आणताना ते मागच्या सीटवर चक्क झोपले होते.

तेव्हा मंडळी, एजंटला फोन करण्याआधी शेजारी कोण बसणार ते ठरवा.